स्पिरिटातलं पाणी

पॉलिशवाल्याच्या बायकोचं देवाशी काही वाकडं नव्हतं. तिला त्याच्यासाठी सवड नव्हती, इतकंच. इस्पितळाच्या धुलाईघरात ती इस्त्रीच्या लांबलचक यंत्रापुढे उभी असायची. एका बाजूने ओल्या चादरी आत सरकवायच्या, दुसऱ्या बाजूने कडकडीत होऊन आलेल्या ओढायच्या, घड्या घालायच्या, वॉर्डाप्रमाणे गठ्ठे लावायचे. संध्याकाळी घरी येईपर्यंत पायांचे तुकडे पडलेले असायचे. अशा बाईला कोणी देवापुढे दोन मिनिटं शांत बसायला सांगितलं असतं, तर ती बसल्या जागी झोपली असती.

त्यामुळे नवरा रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून कोणाशी तरी बोलतो हे लक्षात आलं, तेव्हा तिला पहिली शंका आली फोनची. दुसरी बाटलीची. देवाचा नंबर तिसरा, आणि तोही दाराला कान लावल्यानंतर.

"मी पॉलिशवाला," आतून आवाज आला. "कालचाच. आज मला पिऊ देऊ नकोस. आणि तो आमचा मुकादम आहे ना, त्याची जीभ जरा आखूड कर. आणि बायको आज नीट बोलेल असं बघ."

तिने दारावर थाप मारली. "बायको नीटच बोलते. नळ बंद करा आधी, पाणी वाहून चाललंय."

 मग नळ बंद झाला.

आता या माणसाबद्दल थोडं सांगायला हवं. लाखेचं पॉलिश करणं हा त्याचा धंदा. लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या, कापसाच्या बोळ्यावर मलमलचं फडकं गुंडाळायचं आणि तो बोळा त्या मिश्रणात भिजवून लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. स्पिरिट उडून जातं, लाख मागे राहते. थरावर थर चढत जातो आणि एक दिवस लाकूड आतून दिवा लावल्यासारखं दिसायला लागतं. घाईच्या माणसाचं हे काम नाही. त्याने केलेल्या टेबलात बघून लोक भांग पाडत, म्हणून सगळे सुतार त्याला 'आरसा' म्हणायचे. ते नाव त्याच्या डोक्यात गेलं. पॉलिशच्या आधी लाकूड घासून गुळगुळीत करावं लागतं, ते धुळीचं काम. आरसा त्याला हात लावेना. "घासायला गाढवं आहेत," म्हणायचा, आणि ती गाढवं शेजारीच उभी असायची.

पिणं आधी कारखान्याबाहेर होतं. मग ते स्पिरिटच्या कॅनपर्यंत आलं, कारखान्यातल्या आणि घरी आणलेल्याही. पॉलिशचं स्पिरिट प्यायलं तर माणसाचे डोळे जातात, हे त्याला नव्या माणसाला सांगायला तोंडपाठ होतं. स्वतः मात्र प्यायचा, आणि कमी झालेलं दिसू नये म्हणून वरून तेवढंच पाणी ओतायचा. दोन्ही दिसायला सारखीच. पण लाखेला पाणी चालत नाही. त्याच्या हातची कपाटं, पलंग, टेबलं वाळली की त्यांच्यावर पांढरट साय धरायची, काचेवर फुंकर मारल्यासारखी. गिऱ्हाईक ओरडलं की हा म्हणायचा, हवा दमट होती. बायको मनात म्हणायची, दारूने हात थरथरतात, दुसरं काय. पाण्याचा आणि त्या सायीचा काही संबंध असेल हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सुतारांना मात्र बरोबर कळलं, आणि 'आरसा'चा 'धुकं' झाला. तोंडावरच म्हणायचे, "काय धुकं, आज किती वाजता उतरणार?"

शेवटी एकदा दिवसाउजेडी त्याला दिसेनासं झालं आणि त्याला बायकोच्याच इस्पितळात आणून टाकलं. डोळे वाचले. तो वर पडून असताना खाली धुलाईघरात तिच्या हातातून त्याच्याच वॉर्डाच्या चादरी जात होत्या. त्या गठ्ठ्याला ती दोनदा इस्त्री करायची. रागाने करत होती की आणखी कशाने, हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता.

वॉर्डात त्याला भेटायला कोणी येईना. आला तो एक निवृत्त बसड्रायव्हर, ना ओळखीचा ना नात्यातला. स्वतः पूर्वी पिणारा. इस्पितळाच्या मागच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून दारू सोडलेली माणसं संध्याकाळी बसत, तिथे तो त्याला घेऊन गेला. सगळे त्याला ड्रायव्हरकाका म्हणत. प्रार्थनेचं खूळ याच काकांनी डोक्यात घातलं. पॉलिशवाल्याने स्वतःची प्रार्थना म्हणून दाखवली तेव्हा काका म्हणाले, "अरे, तू प्रार्थना करतोस का हॉटेलात ऑर्डर देतोस?"

"मग काय म्हणू?"

"कमी म्हण. मागायचं ते स्वतःपुरतं माग. बाकीच्यांची जीभ त्यांची त्यांना राहू दे. आणि गुडघ्यावर बसून म्हण."

"काका, माझा जन्म टेबलांच्या पायांपुढे गुडघ्यावर गेलाय."

"टेबलाने कधी ऐकलं का तुझं?"

या गोष्टीला वर्ष होत आलं. तो प्यायला नाही. कारखान्याने त्याला परत घेतलं, पण घासकामावर. पॉलिशपेपर घेऊन दिवसभर लाकूड घासायचं, नाकातोंडात भुसा, आणि बोळा फिरवणार दुसरेच. स्पिरिटच्या खोलीच्या किल्लीचा त्याला वाराही लागू द्यायचा नाही असा मालकाचा हुकूम. तो निमूट घासायचा. पूर्वी ज्यांना गाढवं म्हणाला होता त्यांच्याकडून पेपर कसा धरायचा ते शिकला, कारण खरं म्हणजे त्याला नीट येतच नव्हतं. एका संध्याकाळी त्याने हे घरी येऊन सांगितलं, हसत. बायकोने मान वर करून त्याच्याकडे नीट बघून घेतलं. हा माणूस स्वतःवर हसतो, हे तिला नवीन होतं.

आणि मग ते वाचनालयाचं टेबल आलं.

गावातल्या वाचनालयात मधोमध एक लांबलचक टेबल होतं. त्यावर वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांच्या पिढ्यांची कोपरं घासली होती. ते नव्याने पॉलिश करून घ्यायचं ठरलं. ड्रायव्हरकाका तिथे रोज पेपर वाचायला जात, त्यांनी ग्रंथपालबाईंकडे शब्द टाकला. बाई स्वभावाने कडक. पॉलिशवाल्याला समोर उभं करून म्हणाल्या, "तुमचं टोपणनाव मला माहीत आहे. कमिटीला मी सांगितलंय की माणूस सुधारलाय. मला तोंडघशी पाडू नका."

"नाही पाडणार."

"बघू."

कारखान्याचा मालक म्हणाला, हे टेबल नीट झालं तर तुला परत पॉलिशवर घेतो. नाही झालं तर इथे घासायलाही येऊ नकोस. बायको काही म्हणाली नाही. ती पूर्वीच म्हणून चुकली होती: पुन्हा एकदा जरी प्यायलात, तरी मी भावाकडे जाईन, आणि मग घ्यायला येऊ नका.

स्पिरिटचा कॅन त्याने घरी आणला तो तिच्या डोळ्यांदेखत. "मागच्या गॅलरीत ठेवतो," म्हणाला. "तुला माहीत असलेलं बरं." ती म्हणाली, ठेवा. इतक्या सहज म्हणाली की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

ते कौतुक दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकलं. ती कामावरून आली तर हा गॅलरीत कॅनसमोर गुडघ्यावर बसलेला. कॅनच्या झाकणावर हात. ओठ हलतायत. ती दारातच थांबली. त्याने झाकण उघडलं नाही, उठला, वळला, तिला पाहून जरा लाजला आणि काकांच्या बैठकीला निघून गेला. प्रार्थना करत होता, दुसरं काही नाही. पण ज्या बाईने नवऱ्याला कॅनपुढे इतक्या वेळा पाहिलंय तिला प्रार्थना आणि तहान यातला फरक लांबून कसा दिसणार? तिला तहान दिसली.

सगळं स्पिरिट मोरीत ओतावं, तर काम बुडणार. तसंच ठेवावं, तर माणूस बुडणार. तिने मधला मार्ग काढला. दोन-तीन पेले स्पिरिट मोरीत ओतलं आणि तेवढंच पाणी कॅनमध्ये भरलं. प्यायलाच, तर तेवढं तरी कमी पोटात जाईल. युक्ती तिची नव्हती. नवऱ्याचीच होती, इतकी वर्षं बघून बघून पाठ झालेली. झाकण घट्ट लावून तिने हात धुतले, आणि कोणाचा तरी खिसा कापल्यासारखं तिला वाटत राहिलं.

पॉलिशवाल्याने त्या स्पिरिटमध्ये लाख भिजत घातली. लाखेचं मिश्रण मुळात गढूळच असतं, त्यात काही वेगळं दिसायचं कारण नव्हतं. टेबल त्याने स्वतः घासलं, कोणाची मदत घेतली नाही. सुरुवातीचे थर पातळ होते, ते बरे बसले. घरी येऊन लाकडाच्या रेषा कशा वर आल्यात ते तिला सांगायचा, ती हं हं करायची आणि त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. वास यायचा तो भुशाचा आणि लाखेचा. चार दिवसांत तिला वाटायला लागलं की आपण उगाच घाबरलो. कॅनचं मात्र ती विसरून गेली. चादरी धुऊन झाल्या की डागांचं कोण लक्षात ठेवतं?

तिच्या सुट्टीच्या दिवशी ती त्याचा जेवणाचा डबा घेऊन वाचनालयात गेली. दारातूनच टेबल दिसलं. टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी साय धरली होती.

ग्रंथपालबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "हवा दमट आहे, असं म्हणणार ना आता?"

"नाही," पॉलिशवाला म्हणाला. तो वाकून टेबलावरून बोट फिरवत होता. "यात पाणी आहे. स्पिरिटात पाणी गेलंय."

"ते कसं जातं ते सगळ्या गावाला माहीत आहे. किती प्यायलात?"

"मी नाही प्यायलो, बाई."

"मग पाणी काय चालत आलं?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तेव्हाच त्याची नजर दारात उभ्या बायकोवर गेली. तिच्या तोंडाचा रंग उडाला होता. त्याने तिच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे, आणि उघडलेलं तोंड मिटलं. "मला जरा वेळ द्या," तो बाईंना म्हणाला आणि पुस्तकांच्या कपाटांमागे निघून गेला.

"गेले," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "तिकडून मागचं दार आहे. आता उद्याच दिसतील, कुठल्या तरी गटाराशी."

 मागच्या दाराबाहेर पडलं की समोरच दारूचं दुकान आहे, हे बायकोलाही ठाऊक होतं. वर्षभर तो टिकला होता, आणि त्याला ढकललं कोणी, तर तिने. डबा तिथेच ठेवून ती कपाटांच्या रांगांमधून धावत सुटली. मागच्या दाराशी पोहोचण्याआधीच तिला आवाज ऐकू आला.

जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांमध्ये, धुळीत, तो गुडघ्यावर बसला होता. पाठ तिच्याकडे.

"मी पॉलिशवाला. कालचाच. मला पिऊ देऊ नकोस, हे तर आहेच. आज मी खरं बोललो आणि कोणाला पटलं नाही. पूर्वी खोटं बोलायचो, तेव्हा लोकांना पटायचं. तेव्हा तुझ्याकडे तक्रार घेऊन आलो नाही, तर आता कुठल्या तोंडाने येऊ?" तो थांबला. नाक पुसलं. "पाणी तिने घातलंय. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही कॅनला. मला राग आलाय तिचा. फार आलाय. हा राग घेऊन मी बाहेर गेलो तर सरळ समोरच्या दुकानात शिरेन, माझे पाय मला माहीत आहेत. म्हणून इथे येऊन बसलो. तेवढा राग काढून घे. ती घाबरली. ती भीती तिने काही माहेराहून आणली नव्हती, मीच घरात आणली. आणि हे बघ, मला कळलंय, हे तिला कळू देऊ नकोस. ती उगाच कानकोंडी होईल."

बायको कपाटाला धरून उभी होती. तिला रडता आलं असतं, पण तो तिचा स्वभाव नव्हता.

"कळलं तिला," ती म्हणाली.

तो इतका दचकला की वरच्या फळीवर डोकं आपटलं. "तू कधीपासून उभी आहेस?"

"पहिल्यापासून. तुमच्या देवाला ऐकायला कमी येतं का? एवढ्या मोठ्याने बोलता."

तो डोकं चोळत राहिला. ती त्याच्या शेजारी मासिकांच्या गठ्ठ्यावर बसली. "मी दोन-तीन पेले घातलं," ती म्हणाली. "मला काय माहीत टेबल बिघडतं म्हणून. मला वाटायचं, तुमचे हात थरथरतात."

"हातही थरथरायचे."

"पण तुम्हाला आधी कसं कळलं नाही? एवढे उस्ताद तुम्ही."

"वास घेतला असता तर झाकण उघडल्या उघडल्या कळलं असतं. पूर्वी नाकानेच पारखायचो. आता मी तोंडाला फडकं बांधून ओततो, मान फिरवून. काकांनी सांगितलं तसं."

म्हणजे तो न पिण्यासाठी धडपडत होता म्हणून फसला, आणि ती तो पिईल म्हणून धडपडत होती. तिच्या हे ध्यानात आलं आणि तिला स्वतःच्या दोन मुस्कटात द्याव्याशा वाटल्या. त्याऐवजी ती उठली, पदर खोचला आणि तरातरा टेबलाकडे गेली. तो मागून "अगं थांब, अगं थांब" करत आला.

"बाई," ती म्हणाली, आणि सगळ्या वाचनालयात ऐकू गेलं, "पाणी मी घातलं. हे प्यायले नाहीत. मला वाटलं पितील, म्हणून घातलं. चूक माझी आहे."

पेपर वाचणाऱ्यांचे पेपर खाली आले.

"हळू बोला," ग्रंथपालबाई म्हणाल्या. मग चष्म्यावरून तिला वर-खाली न्याहाळलं. "नवऱ्याला पाठीशी घालणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत."

"पाठीशी?" बायको भडकलीच. "दहा वर्षं मी यांना पाठीशी घातलं, तेव्हा सगळ्यांना माझं खरं वाटलं. आज पहिल्यांदा खरं बोलतेय, तर..."

"राहू दे," पॉलिशवाला म्हणाला.

तिला वाटलं, आता हा टेबल सोडून जाणार. पूर्वीचा आरसा असता तर बोळा फेकून, चार शिव्या देऊन केव्हाच गेला असता. पण तो ग्रंथपालबाईंसमोर हात बांधून उभा राहिला. "बाई, आम्हा दोघांवरही विश्वास ठेवू नका. ठेवण्यासारखं मी काही केलेलंच नाही. फक्त टेबल पुन्हा करू द्या. सगळं खरवडून काढतो, पहिल्यापासून करतो. स्पिरिटचा नवा कॅन आणतो, तो तुमच्या कपाटात कुलपात ठेवा. लागेल तेवढं वाटीत तुम्ही ओतून द्या."

"मी? स्पिरिट ओतत बसू? मला दुसरी कामं नाहीत?"

"मी ओतेन," बायको म्हणाली. "रजा घेते. माझी रजा साठलीय."

ग्रंथपालबाईंनी टेबलावरची साय नखाने खरवडून पाहिली. पेपर वाचणारे अजून वाचत नव्हते. "टेबल झाल्याशिवाय कमिटीला काही सांगत नाही," बाई शेवटी म्हणाल्या. "डबा उचला तो. वाचनालयात खाणं चालत नाही."

नवा कॅन आला तेव्हा तो तोंडाला फडकं बांधून लांब उभा राहिला. "पारखून घ्यायला हवं," म्हणाला. "दुकानदारही पाणी घालतात. मला जमणार नाही. तू बघशील?"

आपल्या धंद्यातली गोष्ट त्याने दुसऱ्याला कधी विचारली नव्हती. बायकोला तर नाहीच. तिने झाकण उघडून नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं.

"कसा आहे वास?"

"तुम्ही सोफ्यावर लवंडलेले असायचात ना, तसा."

त्याने फडकं नाकावर आणखी घट्ट ओढलं. मग फडक्याआडून म्हणाला, "म्हणजे चांगलं आहे."

तिला हसू फुटलं. नको तेव्हा, नको त्या गोष्टीवर, आणि वाचनालयात. ग्रंथपालबाईंनी बघितलं, पण या वेळी हळू हसा म्हणाल्या नाहीत.

टेबल खरवडायला, घासायला पुष्कळ दिवस गेले. तो घासायचा, तिने शिकून घेतलं आणि तीही घासायला लागली. इस्त्रीने कमावलेला हात होता, जोर त्याच्यापेक्षा जास्त. "जरा हलक्या हाताने," तो म्हणायचा, "ही चादर नाही." मग थरावर थर चढायला लागले. ती वाटीत ओतून द्यायची आणि झाकण लावायची. सुरुवातीला ती वाटीकडे डोळ्यांत तेल घालून बघायची, मग त्याच्या हाताकडे बघायला लागली. तो हात गोल गोल फिरायचा, कुठे अडायचा नाही, कुठे थांबायचा नाही. लग्न झालं तेव्हापासून तो आरसा होता, पण तिने त्याला काम करताना असं बसून कधी पाहिलंच नव्हतं.

एका दुपारी ऊन खिडकीतून टेबलावर पडलं आणि दोघांनी एकदमच वाकून बघितलं. साय नव्हती. चमक अजून यायची होती, पण लाकूड स्वच्छ होतं, आतपर्यंत. पेपर वाचायला आलेले ड्रायव्हरकाका म्हणाले, "आता कमिटीचं तोंड बंद झालंच म्हणा." ग्रंथपालबाई जवळ आल्या, टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं, ते बोट उजेडात धरून पाहिलं, आणि कपाटाची किल्ली कनवटीतून काढून टेबलावर ठेवली. "मला रोज रोज उठून कुलूप काढायला वेळ नाही," म्हणाल्या. "तुमचा कॅन तुम्ही सांभाळा."

किल्ली घेऊन दोघं घरी निघाली. फाटकापाशी बायको थांबली. गेले कितीतरी दिवस मनात घोळत होतं ते तिने बोलून टाकलं. "कॅन घरी नेऊ या. ठेवा गॅलरीत, पहिल्यासारखा. मी हात लावणार नाही."

ती हे म्हणाली, हे काही लहानसहान नव्हतं. त्यालाही ते कळलं. तो थोडा वेळ वाचनालयाच्या दाराकडे बघत राहिला.

"नको," तो म्हणाला. "इथेच राहू दे, कुलपात. किल्ली तू ठेव."

"का? माझा विश्वास बसला, तर तुमचा बसत नाही?"

"मला भीती वाटते."

"तुम्हाला?"

"रोज वाटते. कॅन समोर असला की जास्त."

इतकी वर्षं तिला वाटत होतं, या घरात भीती तेवढी तिच्या एकटीच्या वाट्याला आलीय आणि हा आपला निर्धास्त. तिने किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि त्याच्या बरोबरीने चालायला लागली.

"मग आधी सांगायचं होतंत," ती म्हणाली. "दोघं मिळून घाबरलो असतो."